नऊ वाजता

गुना डोंगराच्या पायथ्याशी आमचा दिवस सूर्याबरोबर सुरू होतो:
उजाडून तास झाला की एक,
उन्हं कलू लागली की नऊ.
नऊला त्यानं वधस्तंभावर प्राण सोडला,
म्हणून नऊपर्यंत घशाखाली थेंब नाही,
आणि नऊनंतरही दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही,
पंचावन्न दिवस.

गाईंना हे कुणी सांगितलेलं नसतं.
त्या देतच राहतात.
यिर्गेदू ते दूध वाळक्या भोपळ्यात साठवते, आंबवते,
दाराशी टांगून झुलवत घुसळते,
आणि बोटाला लागलेलं लोणी
मडक्याच्या काठाला पुसते.
जिभेला नाही. चाळीस वर्षं नाही.

मी आरोग्य केंद्रातली नर्स.
वजनकाटा माझा, साखर तपासायची पट्टी माझी,
उपासही माझा.
पहिल्या आठवड्यात सकाळच्या कॉफीवाचून डोकं ठणकतं,
तिसऱ्यात चढणीवर पाय आपले वाटत नाहीत,
वाऱ्याचे वाटतात.
काट्यावर उतरलेली वजनं मी वहीत लिहिते,
उतरलेले आवाज, उतरलेली भांडणं
लिहायला रकाना नाही.

डॉक्टर फिक्रेमारियम परदेशात शिकून आलेले.
यिर्गेदूच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं:
गोळी उठल्यावर. न्याहारी नऊला, चुकवू नये.
मी वाचून दाखवलं. नऊला, म्हटलं.
ती खुलली. "बघ, शिकलेला असून देवाचा माणूस,
उपास कधी सोडायचा ते त्याला ठाऊक आहे."
मीही हसले.
ते नऊ कुणाच्या घड्याळातले,
हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चार दिवस तिनं पहाटे गोळी घेतली
आणि दुपारपर्यंत वाट पाहिली.
पाचव्या दिवशी चर्चमध्ये
कपाळ जमिनीला टेकवलं ते उचललंच नाही.
बायकांना वाटलं, तल्लीन झाली.
मी घाम पाहिला.
हिरड्यांना साखर चोळता चोळता
मला त्या चिठ्ठीतला आकडा दिसला, सरळ, स्वच्छ,
माझ्याच आवाजातला.

डोळे उघडून तिनं पहिलं विचारलं:
"किती वाजले?"

आबा लिसानेवर्क संध्याकाळी आले, छत्री टेकत.
तिचा कबुलीजबाब तेच ऐकतात, लग्नाच्या आधीपासून.
माझाही ऐकतात. त्या दिवशी आधी माझा ऐकला.
मग तिला म्हणाले, "उद्यापासून तीनला जेवायचं.
घड्याळ राहू दे. सूर्य त्या निलगिरीच्या शेंड्याला टेकला की."
ती रडली. "माझा उपास काढून घेता?
मी असं काय केलं?"
"काढून घेत नाही, बदलून देतो.
उपाशी राहण्यात तुला आता कसले कष्ट?
चाळीस वर्षांची सवय ती.
सगळं गाव भुकेलं असताना
एकटीनं जेवून दाखव."

आता रोज सूर्य निलगिरीला टेकतो
आणि यिर्गेदू दार लोटून घेते,
भिंतीकडे तोंड करून बसते,
इंजेरा मोडते, शिरोत बुडवते,
चोरासारखी चावते.
मी शेजारी बसते. नाडी बघायला, असं सांगते.

परवा शेजारचा अंदुआलेम फटीतून आत शिरला.
पाच वर्षांचा. त्यालाही अजून उपास लागू नाही.
तिच्या ताटाला त्यानं सरळ हात घातला.
दोघांनी मिळून कड खाल्ली, मग मध्य खाल्ला.
तो बोटांवर मोजू लागला,
लोण्याला अजून किती दिवस,
बोटं संपली तेव्हा तिची घेतली.

त्या शांततेत माझं पोट गुरगुरलं, चांगलं मोठ्यानं.
यिर्गेदू जेवणावरून पहिल्यांदाच हसली.
"तुझा उपास फार बोलतो गं," म्हणाली,
आणि भिंतीकडची पाठ
थोडी आमच्याकडे वळवून
पुढचा घास घेतला.