इत्यादी

लॉट क्रमांक सत्तावीस.
लाकडी खुर्च्या एकतीस, पैकी वेताच्या नऊ, वेत नसलेल्या.
लोखंडी कपाटं चार. एकाची किल्ली नाही.
कूलर, सायक्लोस्टाइलचं यंत्र, इत्यादी.
जसे आहे, जेथे आहे.

फोटो एकच, तोही वॉचमनच्या अंगठ्यासकट.
पाहणी अकरा ते दोन.
मी साडेअकराला ठाण्यात पोचले
तर गोदामाची चावी साहेबांबरोबर बेलापूरला गेलेली.
गजांतून दिसलं तेवढं पाहिलं.
आमच्या धंद्यात याला पाहणीच म्हणतात.

लिलाव चारला संपणार होता.
समोरचा माणूस म्हणजे नुसता आकडा, बोलीदार सहा.
तो पाचशेनं चढतो, मी पाचशेनं.
शेवटच्या तीन मिनिटांत कुणी बोली लावली
की सगळ्यांना आणखी तीन मिनिटं मिळतात.
आईच्या वेळी आयसीयूत अशी सोय नव्हती.
सहा नंबर भिवंडीचा असावा,
चहा प्यायला उठला की घड्याळावरून कळतं.
पावणेसातला तो उठला तो परत बसलाच नाही.
एकाहत्तर हजार पाचशे, वर जीएसटी.
स्क्रीनवर 'अभिनंदन'.
गाळ्यात मी, पंखा, आणि मागच्या लॉटमधले न खपलेले सहा स्ट्रेचर.

गेटपास तीन प्रतींत, वजनकाटा दोनदा,
अश्फाकच्या टेम्पोच्या चार खेपा.
बंद कपाट रबाळ्याला आणून गॅस कटरनं कापलं.
आत दोन वाळलेले शाईचे पॅड, उंदरांनी विणलेला कागद,
आणि गोणपाटात गुंडाळलेली
मोजणीची शंकू साखळी.
तेहतीस फूट. सोळा आणे.

म्हणजे हेच ते इत्यादी.

बाबा डबा घेऊन आले होते, कपाटाशीच थांबले.
साखळी उचलली नाही, आधी पायानं सरकवून पाहिली,
नाग मेलाय का बघतात तशी.
मग म्हणाले, "ही साखली मना ठाव हाय."
अशा शेकडो असतील हो खात्यात, मी म्हटलं.
"असतील," म्हणाले, आणि खाली बसले.

अठरा वर्षांचे होते तेव्हा.
मोजणीदाराला टोक धरायला एक पोरगा हवा होता,
रोज चार रुपये, वर चहा.
आज्याच्या खाडीकडच्या शेतात
बांधावरून बांधावर
यांनीच टोक धरून चालत नेलं.
आजा कुंपणाशी उभा. बोलला नाही काही.
संध्याकाळी चार रुपये यांनी त्याच्या हातात दिले,
त्यानं मोजून घेतले.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.
आमच्या घरात नकाशा आहे, निकालाची प्रत आहे,
साडेबारा टक्क्यांची फाइल तर माझ्याहून थोरली.
चार रुपये कुठेच नोंदवलेले नाहीत.

काल सीवूड्सहून एका हॉटेलवाल्याचा फोन आला.
भिंतीवर लावायला जुनं, गंजलेलं काही हवंय,
साखळीला पाच हजार देतो म्हणाला.
बाबांना विचारलं.
"दे की. पन त्याच्या आधी हा गाळा मोजू."

मी शटरशी, ते आत मोरीपर्यंत गेले.
साखळी ताणली, कड्या कुरकुरल्या,
उरलेलं टेपनं मोजलं.
करारात चाळीस फूट लिहिलंय.
साडेछत्तीस भरला.
अकरा वर्षं साडेतीन फुटांचं भाडं
आम्ही हवेचं देतोय.

मी हसले, फोन शोधला, मालकाला लावला,
एंगेज होता, पुन्हा लावला,
मधे एक गिऱ्हाईक स्ट्रेचरचा भाव विचारून गेलं.
वळून बघते तर बाबा मोरीशी तसेच वाकलेले,
टोक मुठीत, जमिनीला टेकवून.

'सोड' म्हटल्याशिवाय सोडायचं नसतं.
ते म्हणायचं
माझ्या ध्यानातच नव्हतं.