हजेरी, आठ मार्च

मार्चात सांगलीच्या यार्डात हळद जोरात असते.
सौदे निघतात, पोती फुटतात,
पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात
पिवळी धूळ उभीच्या उभी राहते
आणि मी टेबल पुसून हजेरीवही उघडते.

सेहेचाळीस जणी.
गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, कणी वेगळी.
शाईचं पॅड लागत नाही आमच्याकडं;
जतहून आलेली यल्लव्वा नुसता अंगठा टेकवते,
उमटतो पिवळा.

आज शेठ म्हणाले, अर्धा तास काम थांबवा,
कॉलेजच्या बाई येतील, एकेक गुलाब द्या,
फोटोत मागं पोती दिसू देत.

गुलाब वाटताना गेनाबाईनं हात मागं घेतला.
सतरा वर्षांची सवय,
बायकांत काही वाटलं जातं तेव्हा.
मी तिच्या टोपलीत ठेवला, हळकुंडांवर.

बाई चांगल्या होत्या. खोकत खोकत बोलल्या.
लांब थंडीच्या मुलखात म्हणे
कपडे शिवणाऱ्या बाया रस्त्यावर उतरल्या,
तास कमी करा म्हणून.
मग परदेशात कुठल्याशा परिषदेत ठरलं,
वर्षातला एक दिवस बायांचा.
मग रशियात, लढाई चाललेली, पाव मिळेना,
गिरणीतल्या बाया बाहेर पडल्या
आणि आठवड्यात राजा गादीवरून उतरला.
इटलीत तर या दिवशी पिवळी फुलं देतात.

पिवळी! सगळ्या जणी हसल्या.
"तेवढा एक रंग नको गं बाई,
आंघोळ करूनबी जात न्हाई."

हरिपूरची जैबून मात्र हसली नाही.
"मग पाव मिळाला का त्यास्नी?"
बाईंनी कागद उलटून पाहिला.
पलीकडं कोरा होता.
"पुढच्या वर्षी सांगते," म्हणाल्या,
आणि ते खरं वाटलं मला.

त्या गेल्यावर आक्काताईनं
गुलाब पोत्याच्या काट्यावर ठेवला.
शून्य.
तिनं शेजारणीचा मागितला. मग तिच्या शेजारणीचा.
कितीव्याला काटा हलला, मी मोजलं नाही,
पण हलला, तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली
आणि हमाल वळून बघायला लागले.

संध्याकाळी मजुरीच्या वेळी शेठनी विचारलं,
"अर्धा तास कापलास ना?"
मी वही पुढं सरकवली.
भरलेला रोज, सेहेचाळीस पिवळे अंगठे,
आणि खाली, जिथं मी एरवी
वळणदार सही करते,
तिथं सत्तेचाळीसावा.