वागळे इस्टेटमध्ये चूल घेताना

तीन चुली मांडून ठेवल्या होत्या मांडलिक मिस्त्रीने
शेडच्या तोंडाशी, गाळ्याच्या नंबराखाली.
आत ग्राइंडर किंचाळत होता.
वाटलं, चुलीच आम्हाला पाहायला बसल्यात.

मी कागदावर सगळं लिहून आणलं होतं,
लाकूड किती, धूर किती, पाणी किती लिटर.
द्रुपदीने येऊरहून
लाकडं आणली होती.
ऐनाच्या काटक्या, करवंदीचं एक मूळ,
आणि मुद्दाम एक ओली फांदी.
"सुकं काय, कशातही जळतं," म्हणाली,
"श्रावणात ही काय करते ते बघू दे."

पहिली पेटवली. धूर ओळखीचा निघाला,
सरळ तिच्या डोळ्यांत आला.
"ही नको. ही घरी आहे."

दुसरी बुटकी, जाड पत्र्याची, साडेसहा हजार.
बरी होती. माझा हात तिच्यावरच होता.

तिसरीच्या पोटात भोकांची रांग.
तिथून वारा दुसऱ्यांदा आत येतो
आणि धूर वर जाण्याआधीच जळून जातो,
मिस्त्री बोटाने एकेक भोक दाखवत सांगत होता.
धुराड्याला तांब्याच्या नळीचे सात वेढे.
"भाकऱ्या होईस्तोवर वीस लिटर पाणी कढत.
नळी कोरडी असताना मात्र पेटवायची नाही,
आणि वरचं तोंड कधी बंद करायचं नाही.
वाफ कुणाचं ऐकत नाही, वहिनी."

ओली फांदी चरचरली, टोकाला फेस आला,
थोडा वेळ खोकली चूल,
मग ज्वाळा भोकाभोकातून वाकून आत आल्या
आणि सगळं गप्प झालं.
मिस्त्रीने धुराड्यावर पांढरा रुमाल धरला.
तिने तो बाजूला सारला, आपला पदर धरला,
पाहिला, हुंगला,
परत खोचला.

"मोठा तवा बसेल?
मांडी घालून बसले तर तोंड कुठे येईल हिचं?
राख मागून काढायची की पुढून?"
माझ्या कागदावर यातलं एकही नव्हतं.

किंमत अकरा हजार.
मी म्हणालो, पाणी गॅसवर तापवू की.
सिलिंडर पायथ्याच्या नाक्यापर्यंतच येतो,
तिथून वर खांद्यावर. हे मलाही माहीत होतं.

ती माझ्याशी बोललीच नाही. मिस्त्रीला म्हणाली,
"वीस लिटरमध्ये पाच आंघोळ्या होतील ना, विसावण घालून?"
आणि बोटांवर मोजायला लागली.
सासरे. हे. रोहिदास. सूनबाई.
करंगळीपाशी थांबली.

आमच्या बंबात चार बादल्या निघतात.
सव्वीस वर्षं निघतात.
आणि मी लोकांना सांगत आलो,
लग्नाकार्यात, शेजारीपाजारी, हसत हसत,
आमच्या हिला बाई गारच पाणी लागतं.
ती कधी नाही म्हणाली नाही.
नाही म्हणायला
गरम पाणी उरलेलं असावं लागतं.

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.
"पैसे?" मिस्त्रीने विचारलं.
तेव्हा तिने ते पोतं पुढे सरकवलं,
रिक्षात माझ्या पायाशी होतं,
मला वाटलं होतं, आणखी लाकडं.
आत बंब. तळाला गळका,
बाजूला पोचा, आईच्या हातून पडला होता तेव्हाचा.
डाग द्यायला आता कोणी येत नाही वर.
मिस्त्रीने काट्यावर ठेवला. नऊ किलो दोनशे.
तांब्याचा भाव त्याने फोन करून विचारला,
तिने तो आधीच विचारून ठेवला होता.

जंगलाच्या नाक्यावर पहारेकऱ्याने रिक्षा अडवली,
हे काय नेताय?
मी म्हणालो, चूल.
ती म्हणाली, बंब.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळीच्या तोंडातून
पहिली वाफ आली, तेव्हा तिने बादली लावली
आणि कुणाला न विचारता
न्हाणीत गेली, कडी लावली.
बाहेर आम्ही टॉवेल घेऊन उभे.
बाबा एकदा खाकरले.
आतून पाण्याचा आवाज येत राहिला, घाई नसलेला.

तव्यावर भाकरी होती.
मीच उलटली.
एका बाजूने करपली.