चवीपुरतं

पहिल्याच दिवशी ग्लेनिसबाईंनी
माझ्या बोटांतली चिमूट सोडवली.
"टॅमझिन, इथे चिमूट नसते.
शून्य दशांश चार ग्रॅम असतं."
आणि तराजूचं काचेचं दार लावून घेतलं,
माझ्या श्वासानेही आकडा हलत होता म्हणून.

ग्रिम्झबीच्या गोदीत बोटी आता मोजक्याच.
मासा येतो ट्रकमधून, परक्या पाण्यातला,
आमच्या शेडमध्ये त्याचा फिश पाय होतो.
माझ्याकडे मासा नाही. वरचा बटाटाही नाही.
मधला पांढरा सॉस तेवढा माझा.
चार दिवस सॉस, पाचव्या दिवशी कॉलेज;
तिथे फळ्यावर, स्टार्च का फुगतो ते.

प्रयोग एक: पिठूळ.
प्रयोग चार: बरा. फ्रीझरमधून काढला तर पाणी सुटलं.
प्रयोग सात: दूध खाली लागलं.
"का लागलं ते लिही," ग्लेनिसबाई म्हणाल्या.
फोनवर होते, असं लिहिलं.
खाली सही, तारीख.
प्रयोग अकरा पातेल्यात इतका देखणा
की मी त्याचा फोटो काढला.
सहाशे लिटरच्या किटलीत तोच सॉस
ओळख दाखवेना.

मग वरून निरोप आला:
मीठ पंधरा टक्के कमी करा.
आणि कुणाला कळता कामा नये.

मला वाटलं होतं, काहीतरी नवं करायला मिळेल,
दुकानात बोट दाखवून म्हणता येईल, हे माझं.
आता माझं यश म्हणजे
कुणाच्या लक्षातच न येणं.

लाल दिव्याखाली तीन वाट्या:
चारशे सतरा, आठशे बासष्ट, दोनशे पस्तीस.
दोन सारख्या, एक वेगळी. ओळखा.
फोर्कलिफ्टवाला डेझमंड दर वेळी चुकतो,
दर वेळी खिशात बिस्किटं घालून जातो.
पॅकिंगमधली दानुते मात्र, लिथुआनियाची,
इंग्रजी बेताचं, हातमोज्यांनी बोटं सुरकुतलेली,
एक घोट घेते, बोट ठेवते: ही.
नऊ वेळा. नऊही वेळा बरोबर.
कशावरून, विचारलं तर खांदे उडवून म्हणाली,
"ही थोडी एकटी आहे."

फॉर्मवर खारट होतं, आंबट होतं, तेलकट होतं.
मी 'इतर'च्या रकान्यात लिहिलं: एकटी.
ग्लेनिसबाईंनी ते खोडलं नाही.

त्या एका शब्दामागे मी हिवाळाभर होते.
कांदा अर्धा तास जास्त परतला.
मोहरी घातली, काढली, निम्मी घातली.
जायफळ? जायफळाने सॉस ख्रिसमसला गेला.
हंबरवरचं धुकं शेडच्या दारापर्यंत यायचं,
घरी जाताना जिभेला बसचीही चव लागायची.

प्रयोग सव्वीसला दानुते बराच वेळ बसली.
पाणी प्यायली. परत पहिल्या वाटीकडे गेली.
आणि चुकीच्या वाटीवर बोट ठेवलं.
सगळे खूश. ग्लेनिसबाईंनी मला चहा करून दिला,
दीड वर्षात पहिल्यांदा.
मला मात्र उगीच वाटत राहिलं,
तिच्याशी काहीतरी खोटं बोलले मी.

शुक्रवारी बाबा तोच पाय आणतो.
खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस,
तीच कंपनी, तोच वार, तीच खुर्ची.
मी काही सांगितलं नव्हतं. बघत होते फक्त.
त्याने झाकण काढलं, वाफ जाऊ दिली,
आणि चव घ्यायच्या आधीच
मिठाची डबी उचलून
तीनदा हलवली.

मी नजरेनेच तोललं: सव्वा ग्रॅम, निदान.
माझा सगळा हिवाळा आणि वर थोडा.

"कसा आहे?"
"कसा म्हणजे? नेहमीसारखा."

सोमवारी प्रयोग सव्वीसच्या खाली नोंद केली:
घरगुती चाचणी. परीक्षक एक. फरक कळला नाही.
वरून घातलेलं मीठ किती, या रकान्यात
आकडा लिहायचा असतो.
मी पेन बराच वेळ धरून ठेवलं,
मग लिहिलं,
चवीपुरतं.