कुठं तुटायचं ते

तिसरा गिअर. नेहमी तिसराच.
एलिएसेर गिअरबॉक्स टेबलावर ठेवतो आणि नजर चोरतो,
मारामारी करून आलेला पोरगा
फाटका सदरा पुढे करतो तसा.
मी तळाचा बोल्ट सोडते.
काळं तेल, गंधकाचा वास,
बोल्टच्या चुंबकावर उभी राहिलेली लोखंडी लव,
आणि त्यात अख्खा एक दात.

"आणखी मजबूत कर, मिग्दालिया."
सगळे हेच म्हणतात.
कशापेक्षा, ते कुणी सांगत नाही.

ही पेटी चौऱ्याऐंशी सालची, जपानमध्ये
कुणा शांत कारकुनाच्या गाडीसाठी ओतलेली.
बाजार, पोरांची शाळा, कधी समुद्र.
तिला काय माहीत, चाळीस वर्षांनी
सालिनासमध्ये कुणी तिच्या पुढ्यात टर्बो बांधेल,
सहाशे घोडे जुंपेल,
आणि पाव मैलात, नऊ सेकंदांत
तिचा उरलेला जन्म मागेल.

कारखान्याचे दात तिरके असतात.
तिरके दात गोड बोलतात,
एकमेकांवरून घसरतात, आवाज नाही.
पण जोर वाढला की खांद्यानं रेटतात,
बाजूला, अजून बाजूला,
अ‍ॅल्युमिनियमचं कवच उकलेपर्यंत.
मी सरळ दातांचा संच मागवला.
सरळ दात किंचाळतात.
एलिएसेर निघाला हे अख्ख्या गावाला कळेल.
पण रेटत नाहीत.
(माझ्या दोन बहिणींबद्दल मी इथं काही बोलत नाहीये.)

किंमत ऐकून तो म्हणाला, जुनेच घासून चालवू या का?
नाही रे बाबा,
दात कोरून पोट भरत नाही.

नवे दात पोन्सेला पाठवून छर्ऱ्यांच्या माऱ्याखाली घातले.
मार खाऊन पोलाद घट्ट होतं.
माणसांना हे लागू नाही, मी पाहिलंय.

शाफ्ट रात्रभर आईच्या फ्रीजरमध्ये,
नाताळच्या पास्तेलेसना टेकून.
बेअरिंग तिच्या गॅसच्या ओव्हनमध्ये.
गार आकसतं, गरम फुलतं,
मधे मिळतो एक श्वास, फार तर दीड.
मी हातमोजे चढवले, आणि वीज गेली.
आमच्याकडे वीज पाहुणीसारखीच राहते.
अंधारात कोकी बेडूक, शेजारचा जनरेटर खोकतोय,
आई एका हातात फोनचा उजेड धरून,
दुसऱ्यानं फ्रीजरचं दार दाबून:
"लवकर कर, माझे पास्तेलेस विरघळतील!"
बेअरिंग सोडलं.
ठप्प.
एवढाच आवाज, तळाशी बसल्याचा.
दीड श्वासातला अर्धा उरला होता,
तो मी नंतर घेतला.

वीज आली तेव्हा घटिका मांडून फट मोजली.
दोन शतांश जास्त.
पुन्हा उघडलं.

आता सांगते, जे गिऱ्हाइकाला सांगत नाही.
ताकद कमजोरीला मारत नाही,
घर बदलायला लावते.
पेटी पक्की केली की ती क्लचमध्ये जाते,
क्लच पक्का केला की मागच्या धुऱ्यात,
धुरा पक्का केला की सांगाड्यात,
आणि सगळंच पक्कं केलं
तर सीटवर जो बसलाय, त्याच्या मानेत.
म्हणून कुठं तुटायचं ते मी ठरवते.
लांब दांड्याच्या टोकाला जो छोटा क्रॉस असतो
तो साधा ठेवला, बाजारातला, चाळीस डॉलरचा.
दांडा रस्त्यावर लोळू नये म्हणून
खालून पोलादी पट्टा घातला,
आणि एलिएसेरला म्हटलं, झालं, मजबूत.

रविवारी रात्री दिव्यांखाली
पहिल्या फेरीत तिसरा गिअर असा किंचाळला
की वर कठड्यावर लोकांनी बिअर खाली ठेवली.
आठ पूर्णांक नव्वद.
दुसऱ्या फेरीत गाडीनं जागचं पाऊल उचललं,
आणि कड्.

तो चालत आला, तळहातावर
क्रॉसचे दोन तुकडे, अजून गरम.
चेहरा असा, की मयताची बातमी आणलीय.
"तुटलं, मिग्दालिया."
"पेटी?"
"पेटी ठीक आहे. हे तुटलं."
मी तुकडे उलटसुलट करून पाहिले,
जरा जास्तच वेळ,
मग एप्रनच्या खिशातून दुसरा काढला.