दोन बोटं आखूड

नाव, काम, वार. वहीत मी एका ओळीत लिहितो:
रेनिक. विजार, दोन बोटं आखूड. गुरुवार.
पावती तीनशे अठरा.

फहाहीलच्या मागे, जिथे डांबर संपतं
आणि वाळूच्या गोण्या सुरू होतात,
तिथे पत्र्याच्या डब्यात आमचं दुकान.
दोन मशीनं, एक इस्त्री, एक पंखा, आणि हिलमी,
जो मालक नाही, पण मालकासारखा खोकतो.

त्या आठवड्यात मागणी आली पिवळ्या फितींची.
चारशे. पिना लावून.
मी विचारलं, लग्न कुणाचं?
हिलमी म्हणाला, त्यांच्या गावी झाडांना बांधतात,
पोरं परत यावीत म्हणून.
कंपनी म्हणते, आपणही लावू, दिसू दे
की आपण फौजेच्या पाठीशी आहोत.
मी कापत बसलो.
एवढं पिवळं शेवटचं पाहिलं ते दाभोळला,
मेहुणीच्या हळदीत.
नखांत आठ दिवस राहिलं होतं.

त्याच रात्री त्यांच्याकडे मतमोजणी.
जेवणाच्या तंबूत टीव्हीसमोर
अर्धे टाळ्या वाजवत होते, अर्धे ताटात बघत होते.
हरला त्याने यांना इथे धाडलं होतं,
जिंकला तो म्हणत होता, धाडायलाच नको होतं,
आणि धाडलेले मधोमध बसून
गार झालेला वाटाणा काट्याने ढकलत होते.

रेनिकला विचारलं, तुझं मत कुणाला?
माझं इंग्रजी दुकानापुरतं: कंबर, बटण, उद्या.
तो हसला. एकोणीस वर्षांचा,
कानामागे उन्हाने सोललेला.
म्हणाला, माझं पाकीट उशिरा पोचलं असणार.
मग आरशात घोट्याकडे बघत:
लांब होते, पळताना पाय अडकतो.

पळताना.
हा शब्द मी वहीत उतरवला नाही.

गुरुवारी तो आला नाही.
शुक्रवारी भोंगा, दोनदा. आम्ही मशीनखाली,
हिलमीचा गुडघा माझ्या बरगडीत,
तो आयत पुटपुटतोय,
मी पोरीच्या शाळेची फी मोजतोय.
शनिवारी कपडे घेऊन कुणीच आलं नाही.
चारशेतल्या अकरा फिती उरल्या होत्या,
त्या मी सुयांच्या डब्यात ठेवल्या.

जानेवारीत भिंतीवरचा साहेब बदलला.
एक शिपाई स्टूल घेऊन आला,
जुना काखेत मारला, नवा टांगला.
नवा फोटो जरा लहान निघाला,
जुन्याची फिकट चौकट चहूबाजूंनी बोटभर दिसत राहिली,
शिवण उसवून कापड सोडल्यावर
जुनी घडी दिसते तशी.
शिपायाने विचारलं, सरळ आहे?
मी म्हटलं, डावीकडे थोडा.
त्या सबंध लढाईत
राजकारणावर मी बोललो ते एवढंच.

फोनवर रुकय्या विचारते,
नवा आला म्हणे, आता थांबेल?
मी म्हणतो, तांडेल बदलला म्हणून
भरतीची वेळ बदलते का?
ती गप्प. मग म्हणते,
भरती नाही बदलत.
पण जाळं कधी ओढायचं ते तांडेलच ठरवतो.
तिचा बाप खाडीच्या तोंडाशी गेला.
मी विषय बदलतो, पैसे पोचले का विचारतो.

विजार अजून खुंटीवर आहे.
दर सोमवारी वाळू झटकतो, इस्त्री फिरवतो.
हिलमी बघतो, बोलत नाही, खोकतो.
खालचं कापड मी कापलेलं नाही,
आत दुमडून कच्चा टाका घातलाय.
एकोणीस म्हणजे
अजून वाढायचं वय.

नव्वद दिवसांनंतर कपडा कंपनीचा,
असं पाटीवर चार भाषांत लिहिलंय.
एकोणनव्वदाव्या दिवशी, हिलमी नमाजाला गेल्यावर,
मी पावती तीनशे अठरा फाडली,
वहीचं नवं पान काढलं
आणि लिहिलं:
रेनिक. विजार, दोन बोटं आखूड. गुरुवार.