पहिली ओ

मकरपुऱ्यातली शेड, रात्रीचे साडेअकरा.
टेबलावर अकरा बोर्ड, काडेपेटीएवढे,
सगळ्यांचे हिरवे दिवे चालू.
बारावा हाक मारतो : कोण कोण आहे?
यादीत एकच नाव.

केबल बदलली. स्विच बदलला.
राउटरला शिव्या देऊन झाल्या, दोन भाषांत.

मग पॅकेटं उघडून ओळीओळीने वाचली :
हाक फिरून त्याच्याच कानावर येते,
तिलाच ओ समजून
तो सॉकेट बंद करतो.
बाकीचे अकरा त्यानंतर बोलतात,
बिचारे, एकेक करून.

एक ओळ घातली : स्वतःचा पत्ता सोडून मोज.
अकरा नावं आली.

फाटकावरून रायजीभाई ओरडले, "अंदर कोई छे?"
"मी एकटाच," म्हणालो.

मागच्या टेबलावरून, सोल्डरच्या धुरातून,
हेमांगी : "आणि मी?"